‘हा आरएनए इथे आला कसा?’

आपल्या पेशी मेदाच्या पटलात गुंडाळलेल्या सूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात आणि त्यांतून आरएनएही (जनुकांमधला मजकूर चार रासायनिक अक्षरांत वाहून नेणारा रेणू) प्रवास करतो, असे गेल्या अंकातील एका टिपणात म्हटले होते. तेवढ्याशा उल्लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे शत्रूची पूर्वओळख नसतानाही संसर्गाच्या पहिल्या काही तासांत कामाला लागणारी संरक्षणव्यवस्था, हा बहुतेक पत्रांमधला समान धागा असल्यामुळे उत्तरांचा रोखही तिकडेच ठेवला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आरएनए फार नाजूक असतो आणि रक्तात त्याचे तुकडे करणारी विकरे असतात, असे आम्ही मुलांना सांगतो. मग तो एका पेशीतून दुसऱ्या पेशीपर्यंत शाबूत पोहोचतो कसा? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : तुम्ही मुलांना सांगता ते बरोबरच आहे. रक्तात, लाळेत, इतकेच काय, आपल्या बोटांच्या टोकांवरही आरएनए तोडणारी रायबोन्यूक्लिएज नावाची विकरे असतात. आरएनएवर काम करणारी माणसे हातमोज्यांशिवाय नळीला हात लावत नाहीत ती याचमुळे. पुटिकेतला आरएनए वाचतो तो तिच्या पटलामुळे. हे पटल पेशीच्या पटलासारखेच मेदाच्या दुहेरी थराचे असते आणि विकराला त्यातून आत शिरता येत नाही.

प्रयोगशाळेत हे पडताळण्याची रीत साधी आणि देखणी आहे, मुलांना फळ्यावर काढून दाखवण्याजोगी आहे. पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव आधी हळू फिरवून त्यातल्या पेशी आणि त्यांचा कचरा तळाशी बसवतात. मग वरचा द्रव गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट बलाने तासाहून अधिक वेळ फिरवतात. नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा पुसट ठिपका उरतो. त्यात पुटिका असतात. त्या ठिपक्याचे तीन वाटे करायचे. पहिल्यात काहीच घालायचे नाही. दुसऱ्यात फक्त विकर घालायचे. तिसऱ्यात आधी साबणासारखे अपमार्जक घालून पटल विरघळवायचे आणि मग विकर घालायचे. पहिल्या दोन वाट्यांत आरएनए शाबूत सापडला आणि तिसऱ्यात नाहीसा झाला, तर तो पटलाच्या आड होता असे म्हणता येते. काटेकोर संशोधक याच्या जोडीला प्रथिने पचवणारे विकरही वापरतात, कारण रक्तातल्या सूक्ष्म-आरएनएचा (जनुकांना गप्प करणाऱ्या आखूड आरएनएचा) मोठा हिस्सा पुटिकांत नसून आर्गोनॉट-२ नावाच्या प्रथिनाला बिलगून फिरतो, हे २०११ मध्ये दिसून आले. पटलाची ढाल आणि प्रथिनाची ढाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

या पुटिकांपैकी एक्सोसोम नावाच्या पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या असतात. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात ते आठ हजार नॅनोमीटर धरला, तर शंभर नॅनोमीटरच्या सत्तर-ऐंशी पुटिका तिच्यावर एका रांगेत मावतील. पेशीच्या आतल्या एका पिशवीची भिंत आतल्या बाजूने फुगून तिच्या पोटात या पुटिका तयार होतात. पुढे ती पिशवी पेशीच्या बाह्य पटलाशी एकजीव होते आणि पोटातला ऐवज बाहेर पडतो. १९८३ मध्ये माँट्रियल येथील रोझ जॉन्स्टोन यांच्या आणि सेंट लुइस येथील फिलिप स्टाल यांच्या गटांनी तांबड्या पेशी परिपक्व होत असताना हा प्रकार पाहिला. त्या पेशींना लोह आत घेणारे ग्राही, म्हणजे ठराविक रेणू पकडणारी प्रथिने, आता नको झालेले असतात आणि त्या ते पुटिकांत भरून बाहेर टाकतात. त्यामुळे पुष्कळ वर्षे ही कचरा टाकण्याची सोय मानली गेली. २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील यान लोटव्हाल यांच्या गटाने उंदराच्या मास्ट पेशींच्या (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारपेशींच्या) पुटिका माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या, तेव्हा माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिने सापडली. पुटिकेतला आरएनए नव्या घरी वाचला गेला होता. तिथून या विषयाला खरी चालना मिळाली.

प्रश्न : विषाणूचा आरएनए आणि आपला आरएनए ही दोन्ही त्याच चार अक्षरांत लिहिलेली असतात. मग प्रतिकारशक्ती आपला कोणता आणि परका कोणता हे कसे ठरवते? आणि पुटिकांतून आपलाच आरएनए दुसऱ्या पेशीत गेला, तर तिचा गोंधळ होत नाही का? (एम.एस्सी.चा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : या विषयाचा गाभा तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रतिकारशक्ती आरएनएचा मजकूर फारसा वाचत नाही. ती मुख्यतः दोन गोष्टी पाहते: हा आरएनए कुठे सापडला आणि त्याच्या अंगावर काय आहे. पहारेकरी दोन ठिकाणी उभे असतात. टोल-सदृश ग्राहींपैकी ३, ७ आणि ८ क्रमांकाचे ग्राही एंडोसोममध्ये, म्हणजे बाहेरून गिळलेला माल ज्या पिशवीत येतो तिच्या भिंतीवर असतात. त्यांतला तिसरा दुहेरी धाग्याचा आरएनए ओळखतो, सातवा आणि आठवा एकेरी धाग्याचा. आरआयजी-१ आणि एमडीए-५ हे दुसरे पहारेकरी पेशीद्रव्यात फिरत असतात. एंडोसोममधल्या पहाऱ्यामागे एक गृहीत आहे: आपला स्वतःचा आरएनए बाहेर सांडला तरी वाटेतली विकरे त्याचा फडशा पाडतील, तेव्हा या पिशवीपर्यंत जो शाबूत पोहोचला तो कवच घालून आलेला, म्हणजे बहुधा विषाणूचा. पेशीद्रव्यातल्या पहाऱ्याला मात्र सगळीकडे आपलाच आरएनए दिसत असतो, म्हणून तो अंगावरच्या खुणा तपासतो. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या एका टोकाला टोपी असते. पुष्कळ विषाणूंच्या आरएनएच्या त्याच टोकाला तीन फॉस्फेट उघडे असतात, आणि आरआयजी-१ नेमके तेच पकडतो. आपल्या आरएनएच्या अक्षरांवर लहानसहान रासायनिक फेरफारही झालेले असतात. असे फेरफार केलेला आरएनए टोल-सदृश ग्राहींना चेतवत नाही, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. कोविडच्या एमआरएनए लशी पुढे त्याच पायावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

आता पुटिकेकडे पाहा. ती आपल्याच पेशीतला आरएनए कवचात घालून शेजारच्या पेशीच्या एंडोसोममध्ये नेऊन पोहोचवते. विषाणूही नेमके हेच करतो. म्हणजे ज्या गृहीतावर पहारा उभा आहे तेच पुटिका मोडते. मग गोंधळ होतो का? कधी कधी होतो, आणि त्याचे जे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते ते येथे देतो.

आरएन७एसएल१ नावाचा एक आरएनए आपल्या प्रत्येक पेशीत मुबलक असतो. नव्याने घडणारी प्रथिने योग्य जागी पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा तो भाग आहे. तो आरएनए पॉलिमरेज-३ या विकराकडून तयार होतो, त्यामुळे त्याच्या टोकाला तीन फॉस्फेट तसेच राहतात. म्हणजे परकेपणाची खूण आपल्याच घरातल्या आरएनएच्या अंगावर असते! एरवी काही बिघडत नाही, कारण एसआरपी-९ आणि एसआरपी-१४ ही प्रथिने त्याच्यावर पांघरुणासारखी बसलेली असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अँडी मिन यांच्या गटाने २०१७ मध्ये स्तनाच्या कर्करोगात या पांघरुणाचे काय होते ते दाखवले. गाठीतल्या कर्कपेशी आसपासच्या आधारऊतीतील पेशींना भिडतात, तेव्हा त्या आधारपेशींमध्ये पॉलिमरेज-३ चे काम वाढते आणि आरएन७एसएल१ इतका तयार होतो की पांघरुणाची प्रथिने पुरत नाहीत. उरलेला उघडा आरएनए पुटिकांत भरला जातो. कर्कपेशी त्या पुटिका गिळतात, त्यांच्यातला आरआयजी-१ जागा होतो आणि विषाणूचा हल्ला झाल्यासारखी प्रतिक्रिया सुरू होते. विषाणू तिथे नसतोच. या खोट्या हाकाटीने कर्कपेशी मरत नाहीत, उलट गाठ वाढायला, पसरायला आणि उपचारांना दाद न द्यायला मदत होते. कर्करुग्णांच्या रक्तातील पुटिकांमध्येही हा उघडा आरएनए आढळला.

त्या आरएनएचे एकही अक्षर बदललेले नव्हते, हे येथे मुद्दाम लक्षात घ्या. फक्त पांघरूण गेले आणि पत्ता बदलला.

याच्या जोडीला २०१२ चे एक निरीक्षण आहे. फुप्फुसाच्या कर्कपेशींच्या पुटिकांतील मिर-२१ आणि मिर-२९ए हे सूक्ष्म-आरएनए माणसाच्या टोल-सदृश ग्राही-८ ला थेट चिकटून दाहकारक प्रथिने निर्माण करवतात, असे त्यात दिसले. सूक्ष्म-आरएनएचे काम जनुकांना गप्प करणे, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो; येथे तो विषाणूच्या तुकड्यासारखा वागला.

प्रश्न : या पुटिका नेमक्या कोणाच्या बाजूच्या म्हणायच्या? शरीराच्या की रोगाच्या? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ज्या पेशीने भरल्या तिच्या, आणि ती पेशी त्या वेळी ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेच्या. हिपॅटायटिस सीचे उदाहरण पाहा. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की त्याचे एक विकर मॅव्हस नावाचे प्रथिन कापून टाकते. आरआयजी-१ ची सूचना पुढे नेणारी तार म्हणजे हे मॅव्हस. तार तुटल्यावर त्या पेशीत पहारेकरी ओरडला तरी ऐकणारे कोणी उरत नाही. पण कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की संसर्ग झालेली ही पेशी विषाणूचा आरएनए एक्सोसोममध्ये भरून बाहेर सोडते आणि शेजारची प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीची एक पेशी) तो गिळते. या शेजारणीत विषाणू वाढत नाही आणि तिची तारही शाबूत असते. तिच्या एंडोसोममधला टोल-सदृश ग्राही-७ तो आरएनए ओळखतो आणि ती भरपूर इंटरफेरॉन, म्हणजे इतर पेशींना विषाणूविरुद्ध सावध करणारे प्रथिन, सोडू लागते. ज्या घराचे तोंड बांधले आहे त्या घरातली बातमी शेजारच्या घरातून गावभर होते, असे म्हटले तरी चालेल.

याच्या अगदी उलट उदाहरण उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंताचे आहे. एडिंबरो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की हा जंत स्वतःच्या पुटिका सोडतो, त्यांत त्याचे सूक्ष्म-आरएनए असतात आणि उंदराच्या पेशींत त्या शिरल्या की प्रतिकाराची काही जनुके मंदावतात. बुरशीच्या ॲलर्जीकारक द्रव्यासोबत या पुटिका उंदरांच्या नाकात दिल्या, तेव्हा ॲलर्जीचा सुरुवातीचा प्रतिसादही कमी झाला. पाहुण्याने यजमानाच्या भाषेतच त्याला गप्प केले.

वनस्पतींना तर आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, त्यांचा सगळा भरवसा जन्मजात प्रतिकारावर. अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली लहानशी वनस्पती करड्या बुरशीला पुटिकांतून छोटे आरएनए पाठवते आणि बुरशीची रोगकारक जनुके बंद पाडते, असे रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१८ मध्ये आढळले. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षांच्या बागायतदारांना ही बुरशी चांगली माहीत आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर आकडेवारीचे काम केले. एका पुटिकेत आरएनएचे रेणू मावतात तरी किती? इतक्या मोठ्या परिणामांना इतके लहान कारण पुरते का? (निवृत्त अधिकारी, नागपूर)

उत्तर : ही शंका संशोधकांनाही छळते आणि ती रास्त आहे. सिएटल येथील गटाने २०१४ मध्ये मोजदाद केली, तेव्हा मुबलक समजल्या जाणाऱ्या एखाद्या सूक्ष्म-आरएनएचाही एक रेणू सापडायला सरासरी शंभराहून अधिक एक्सोसोम पाहावे लागतील, असा हिशेब निघाला. एखादे जनुक गप्प करायचे तर पेशीत सूक्ष्म-आरएनएच्या शेकडो प्रती असाव्या लागतात. शिवाय गिळलेल्या पुटिकेचा ऐवज एंडोसोममधून निसटून पेशीद्रव्यात येणे ही सहज घडणारी गोष्ट नाही. म्हणून ‘अमुक पुटिकेतल्या अमुक सूक्ष्म-आरएनएने तमुक जनुक बंद केले’ अशी विधाने वाचताना मी स्वतः आधी आकडे शोधतो.

जन्मजात प्रतिकाराची बाब मला यापेक्षा अधिक पटते, आणि त्याला कारणे आहेत. टोल-सदृश ग्राही ७ आणि ८ एंडोसोममध्येच असतात, त्यामुळे त्यांच्यापुरता निसटण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरे असे की पहारा ही वाढवत नेणारी यंत्रणा आहे: थोडे ग्राही चेतले तरी त्यांच्यामागे विकरांची साखळी हलते, शेवटी इंटरफेरॉन बाहेर पडते आणि ते आसपासच्या असंख्य पेशींना सावध करते. हुकूम बजावायला माणसे लागतात, हाक द्यायला एक पुरतो. तरीही दोन खोड्या सांभाळाव्या लागतात. पेशी वाढवण्यासाठी वापरतात त्या गाईच्या वासराच्या रक्तद्रवात गाईच्या पुटिका आणि गाईचा आरएनए असतोच. तो रक्तद्रव आधी रात्रभर फिरवून त्या काढल्या नाहीत तर माणसाच्या पुटिका म्हणून आपण गाईच्या मोजत बसतो. आणि जिवाणूंच्या पटलातले विष लेशमात्र मिसळले तरी दाह होतो आणि त्याचे खापर आरएनएवर फुटते. ग्राही-७ नसलेल्या पेशींत तोच प्रयोग करून परिणाम नाहीसा होतो का, हे ज्या निबंधात दाखवलेले असते त्यावर मी विश्वास टाकतो.

प्रश्न : माझ्या भावावर क्षयरोगाचे उपचार चालू आहेत. या संशोधनाचा क्षयरोगाशी काही संबंध आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहे. क्षयाचा जंतू ज्या भक्षक पेशीने त्याला गिळले तिच्यातच तळ ठोकून राहतो. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील जेफ्री शोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की अशी संसर्ग झालेली भक्षक पेशी ज्या पुटिका सोडते त्यांत जंतूचा आरएनएही असतो. तो बाहेर येण्यासाठी जंतूचीच सेक-ए२ नावाची स्रवणयंत्रणा लागते. दुसऱ्या भक्षक पेशीत तो पोहोचला की आरआयजी-१ आणि मॅव्हसचा मार्ग जागा होतो आणि जंतूंना मारण्याची त्या पेशीची क्षमता वाढते. क्षय झालेल्या उंदरांना मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधासोबत अशा पुटिका दिल्या, तेव्हा नुसत्या औषधापेक्षा जंतूंची संख्या अधिक घटली आणि फुप्फुसांची हानीही कमी झाली.

हे काम उंदरांतले आहे आणि पुटिका औषधाच्या जोडीला दिल्या होत्या, औषधाऐवजी नव्हेत. क्षयरोगात इंटरफेरॉनचा टाइप-१ हा प्रकार सर्रास हितकारक असतो असेही नाही. तो फार वाढला की रोग बळावतो, असे दाखवणारे बरेच पुरावे आहेत. म्हणून माणसांपर्यंत यायला या कल्पनेला अजून मोठा पल्ला गाठायचा आहे. तुमच्या भावाने चालू गोळ्यांचा एकही दिवस चुकवू नये आणि डॉक्टरांनी सांगितलेला काळ पुरा करावा. त्यांना लवकर बरे वाटो.

प्रश्न : आईच्या गुडघेदुखीसाठी एका खासगी दवाखान्यात एक्सोसोमची इंजेक्शने सुचवली आहेत. ‘हे नैसर्गिक आहे, त्यात पेशी नसतात, त्यामुळे अपाय होत नाही’ असे सांगितले. घ्यावीत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सांगितलेल्या कारणाने तरी घेऊ नयेत. वरची उत्तरे वाचली असतील तर लक्षात येईल की पेशी नसल्या म्हणून पुटिका निष्क्रिय ठरत नाहीत. त्या कोणत्या पेशींपासून मिळवल्या, त्या पेशी तणावात होत्या का, आतला आरएनए उघडा आहे की झाकलेला, यावर त्या दाह शमवतील की पेटवतील हे अवलंबून असते. एकाच पेशीप्रकारापासून दोन वेळा काढलेल्या पुटिकाही सारख्या निघतील याची खात्री देता येत नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकली जाणारी, मान्यता नसलेली उत्पादने टोचलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला आणि एकाही एक्सोसोम-उत्पादनाला आपली मान्यता नसल्याचे स्पष्ट केले.

विधिवत नोंदवलेल्या चाचणीत सहभागी होणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नैतिक समिती असते, संमतिपत्र असते आणि रुग्णाकडून औषधाचे पैसे घेतले जात नाहीत. तुमच्या आईला सुचवलेले इंजेक्शन अशा चाचणीचा भाग आहे का, हे दवाखान्याला विचारा. नसेल तर पुटिकांचा उगम, निर्जंतुकतेची आणि जिवाणूविषाची तपासणी, आणि गुडघ्यासाठी त्या वापरण्यास कोणत्या शासकीय यंत्रणेची मान्यता आहे, ही माहिती लेखी मागा. ती मिळेपर्यंत अस्थिरोगतज्ज्ञाने दिलेला व्यायाम आणि औषधे चालू ठेवा, आणि आगाऊ रक्कम भरू नका.